एक रुपयाची मारामारी

‘अगदी हुबेहूब’ हे दोन शब्द ज्या कोणी मराठीत प्रथम शेजारी शेजारी बसवले, त्या गृहस्थाशी माझं वैर नाही. गणपतीच्या मूर्तीला, जुळ्या भावांना किंवा सुनेने माहेरी जाऊन केलेल्या सासूच्या नकलेला ते शब्द शोभून दिसतात. पण पार्लरमधल्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची घरी खेळायची आवृत्ती निघाली, की तिच्यावरही लोक हाच शिक्का उठवून मोकळे होतात. तेव्हा मात्र माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर जागा होतो. (एरवी कामकाजाच्या वेळेत तो झोपलेला असतो, अशी आमच्या शाखेतल्या खातेदारांची समजूत आहे. ती दूर करण्याची ही जागा नव्हे.) शिक्का मारण्यापूर्वी सही ताडून पाहायची असते, हे मला बँकेने पगार देऊन शिकवलेलं आहे. आणि या बाबतीत लोक सही सोडून कागदाचा रंग ताडून पाहत बसले आहेत, असा माझा जाहीर आरोप आहे.

आरोपींमध्ये माझा सख्खा भाचा आहे. नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्या जोडीला माझ्याच वयाचे, केस पिकलेले, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणारे अनेक जबाबदार नागरिक आहेत. नवी आवृत्ती आली की ही मंडळी काय बघतात? रंग तेच आहेत का. संगीत तसंच वाजतं का. मागच्या देखाव्यातले हत्ती जागेवर आहेत का. अहो, हत्ती काय बघता? मारामारी पुढे चालली आहे!

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी (आणि ज्यांनी तो चोरून पाहिला, पण अजून घरी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठीही) थोडी माहिती देतो. १९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर टू’ नावाचं मशीन पार्लरांसाठी काढलं. निवडायला आठ पैलवान. त्यांत एक आपला भारतीय, धालसिम नावाचा योगी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि हात असा लांबतो की इथे बसून पडद्याच्या पलीकडच्या टोकाला गुद्दा. योगसाधनेचा हा उपयोग पतंजलीच्याही ध्यानात आला नव्हता. खेळणाऱ्याच्या हाताशी एक दांडी आणि सहा बटणं. तीन गुद्द्याची, तीन लाथेची. हलकी, मध्यम आणि जोरकस. दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे, आणि नेमक्या क्षणी गुद्दा, की रियू नावाच्या पैलवानाच्या हातातून निळा गोळा सुटतो. वाचायला सोपं वाटतं. चेकवर अक्षरी रक्कम लिहिणंही वाचायला सोपंच वाटतं.

आमच्या चंद्रपुरात हे मशीन नव्वदच्या दशकात जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत येऊन बसलं. दुकान एवढंसं. पंखा एक, मशीनं चार आणि पोरं चाळीस. मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस अंश. आत किती, ते मोजायला थर्मामीटर धजावला नसता. एका खेळाला एक रुपया. त्या काळी एक रुपया म्हणजे माझं मधल्या सुट्टीचं संपूर्ण अंदाजपत्रक होतं आणि त्यात पुरवणी मागण्यांची सोय नव्हती. नियम एकच. जिंकणारा उभा, हरणारा बाहेर. ज्याला पुढचा नंबर हवा त्याने आपला रुपया काचेखालच्या पट्टीवर ठेवायचा. तिथे नाण्यांची रांग लागायची, आणि कोणतं नाणं कोणाचं याबद्दल एकदाही भांडण झालेलं मला आठवत नाही. आमच्या काउंटरवर टोकन देऊनही रोज दोन होतात.

आता त्या रांगेतले रुपये कोणाचे होते ते पाहा. लालपेठच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या साहेबांचा मुलगा, हा रविवारी आजोबांकडे यायचा. एका डॉक्टरांचा मुलगा. महाकालीच्या यात्रेत फुगे विकणाऱ्याचा मुलगा. आणि अस्मादिक, म्हणजे एका सरकारी कचेरीतल्या कारकुनाचे चिरंजीव. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात. कशासाठी, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिथे फक्त एवढंच विचारत, ‘कोनाले घेतो बे?’ म्हणजे कोणता पैलवान घेतोस. ‘रियू’ म्हटलं की ओळख पूर्ण. लालपेठच्या पोराने डॉक्टरांच्या मुलाला ओळीने पाच वेळा धूळ चारलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पाचव्या वेळी डॉक्टरांच्या मुलाने हात चड्डीला पुसले आणि खाली आवाजात विचारलं, ‘तो गोळा कसा मारतो, सांग ना बे.’ डॉक्टरांच्या घरातला प्रश्न खाणकामगाराच्या घरी जाण्याची दुसरी कुठलीही वाट त्या काळच्या चंद्रपुरात मला तरी दिसली नाही.

ही किमया हरण्याची होती. हरलं की रुपया गेला, जागा गेली, आणि वीस पोरांच्या देखत गेली. जिंकलेल्याला हलावं लागत नसे, पण त्याच्या शेजारी नवा वैरी येऊन उभा राही, खांद्याला खांदा लावून, घामासकट. मारामारीच्या खेळात हे हरणं हाच माल आहे. रंग, संगीत, हत्ती ही नुसती पिशवी. आणि आमचे परीक्षक पिशवीवरची अक्षरं वाचून माल पास करतात!

बरं, हुबेहूब म्हणजे कशाच्या हुबेहूब? इथे मी प्रतिपक्षाच्या वर्मावर बोट ठेवतो. आमच्या गल्लीतलं ते ‘मूळ’ मशीनच मूळ नव्हतं. त्यातले पैलवान उडी मारून हवेतूनच गोळे सोडायचे, गोळे सरळ न जाता नागासारखे वळायचे, आणि स्टार्टचं बटण दाबलं की चालू लढतीत पैलवानच बदलायचा. अंगावर धावून येणारा माणूस अर्ध्या वाटेत भलताच कोणीतरी होऊन पोचायचा. हा प्रकार त्यानंतर मी फक्त राजकारणात पाहिला. ही कॅपकॉमची नव्हे, तर ‘रेनबो एडिशन’ म्हणून जगभर गाजलेली चोरटी आवृत्ती. मूळ मालात कोणीतरी हात घालून तयार केलेली. तिचा आणि तिच्या भावंडांचा धसका असा, की खुद्द मूळ कंपनीला १९९२ च्या डिसेंबरात स्वतःची वेगवान आवृत्ती काढावी लागली. म्हणजे चोराने साहुकाराला पळायला लावलं. तेव्हा चंद्रपूरच्या माणसाने ‘पार्लरसारखं हुबेहूब’ म्हणताना क्षणभर थांबून कोणत्या पार्लरचं ते बोलावं.

घरगुती आवृत्त्यांचा इतिहास मी चाळला, तो विरोधकांना वाटतो त्याहून मजेदार आहे. ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९२ साली सुपर निन्टेन्डोवर आला. त्याची वाहवा झाली ती योग्यच, पण कारण चुकीचं. लोक चित्रांवर खूश होते. खरी गोष्ट अशी की त्या यंत्राच्या रिमोटला फटक्यांसाठी सहा बटणं होती, चार अंगठ्याखाली आणि दोन खांद्यांवर, म्हणून सहाच्या सहा फटके जिवंत घरी पोचले. १९९३ साली हा खेळ सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला तेव्हा त्याच्या जुन्या रिमोटला फटक्यांची बटणं तीनच. गुद्द्यांवरून लाथांवर जायचं तर आधी स्टार्ट दाबायचं. म्हणजे समोरचा अंगावर येत असताना तुम्ही लाथेसाठी अर्ज करायचा, तो मंजूर झाला की लाथ मारायची. ही पद्धत मला ओळखीची वाटते. सेगाने मग सहा बटणांचा वेगळा रिमोट विकायला काढला. जे आधी द्यायला हवं ते नंतर वेगळे पैसे घेऊन देणं, याला आमच्या धंद्यात ‘सेवा’ म्हणतात.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला ‘मॉर्टल कॉम्बॅट’ अमेरिकेत घरोघरी आला, आणि सारं भांडण रक्तावर येऊन थांबलं. निन्टेन्डोच्या आवृत्तीत रक्ताऐवजी करडा घाम. सेगाच्या आवृत्तीत ठरावीक क्रमाने बटणं दाबली की रक्त हजर. अमेरिकेच्या सिनेटने डिसेंबरात सुनावण्या घेतल्या, १९९४ मध्ये खेळांवर वयाचे शिक्के मारणारी संस्था निघाली. सिनेटरांपासून शाळकरी पोरांपर्यंत जो तो लाल थेंब मोजत होता. हरलेल्या मुलाने हरल्यावर काय करायचं, असा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

हुबेहूबवाल्यांना वाटतं, हे सगळे कच्च्या काळातले हाल. तंत्रज्ञान पिकलं की प्रश्न मिटेल. पण तो १९९० सालीच मिटला होता. एसएनके या जपानी कंपनीने निओ जिओ नावाचं यंत्र काढलं. पार्लरसाठी एक आणि घरासाठी एक, पोटातली यंत्रणा तीच. याहून हुबेहूब ते काय? अमेरिकेत संचाची किंमत ६४९ डॉलर, त्यामुळे श्रीमंतांच्या घरीच हुबेहूबपणा नांदला ही गोष्ट वेगळी. लक्षात घेण्यासारखं पुढेच आहे. घरच्या यंत्राला रुपया टाकायची फट नसते, हरलं की बटण दाबून पुन्हा उभं राहता येतं. म्हणून कंपनीने बऱ्याच खेळांत घरच्या आवृत्तीला अशा संधी मोजून दिल्या. चित्र तंतोतंत देऊनही माल अपुरा पडतो, हे त्या जपानी माणसांना कळलं होतं. आमच्या भाच्याला कळत नाही.

आणि १९९९ साली तर नक्कल मुळापेक्षा सरस निघाली. ‘सोल कॅलिबर’ हा तलवारबाजीचा खेळ १९९८ मध्ये पार्लरात आला. वर्षाने ड्रीमकास्टवर घरी आला तो मुळाहून देखणा. सर्वत्र जयजयकार. मी म्हणतो, चेकवरची सही नमुन्याच्या सहीपेक्षा सुंदर आली तर बँक काय करते? चेक परत करते.

पार्लरची एवढी बाजू मांडली म्हणून घर वाईट असं मी म्हणतो की काय? मुळीच नाही. माझ्या कसोटीला पूर्ण उतरलेली घरगुती आवृत्ती मी पाहिली आहे. ती आमच्याच घरी होती, आणि दिसायला इतकी भिकार होती की हुबेहूबवाल्यांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आमच्याकडे ‘टीव्ही गेम’ होता, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राची निनावी नक्कल. रिमोटला कामाची बटणं दोन. सोबत एक कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असा मजकूर. मी तेव्हाच तिचं ऑडिट केलं होतं. सुरुवातीचे थोडे खेळ अस्सल, त्यानंतर तेच खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा. बेनामी खाती असतात तशी. दुसऱ्या कॅसेटवर मारामारी. नाव आणि चित्र ‘स्ट्रीट फायटर’चं, आतला ऐवज चोराचा. पैलवान काही हजर, काही फरार. सहा फटक्यांचे दोन झालेले. निळा गोळा तर बेसनाच्या लाडवासारखा दिसायचा आणि त्याच वेगाने जायचा.

पण उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर होता. चंद्रपुरात कूलर ही चैन नव्हे, कुटुंबातली व्यक्ती आहे. तिला तहान लागते. तिची टाकी भरायला मागच्या अंगणातल्या हौदातून दहा-बारा बादल्या आणाव्या लागत, भर दुपारी, तापलेल्या फरशीवरून. आईने कायदा केला: जो हरेल तो कूलर भरेल. झालं! त्या दिवसापासून त्या लाडवाच्या गोळ्याला असा दरारा आला की विचारू नका. हरण्याला किंमत आली. खांद्याला खांदा होताच, कारण सतरंजी एकच होती.

आणि त्या सतरंजीवर माझी धाकटी बहीण बसली होती. पार्लरमध्ये मुलगी पाऊल टाकत नसे. टाकू देत नसत, हे जास्त बरोबर. आडनाव न विचारणाऱ्या त्या गल्लीतल्या खोलीत निम्मं गाव आलेलंच नव्हतं, हेही वहीत मांडलं पाहिजे. नावेची बाजू झाकून ताळेबंद जुळवायला मला शिकवलेलं नाही. घरच्या त्या भंगार आवृत्तीने ही जमेची बाजू भरून काढली. बहिणीने कोणाकडून न शिकता दोन बटणांत असे काही फटके शोधून काढले, की मी, माझे दोन चुलतभाऊ आणि एकदा तर सुट्टीवर आलेले धाकटे काका रांगेने बादल्या वाहत होतो. जिंकल्यावर ती नाचायची नाही, हसायचीही नाही. रिमोट खाली ठेवून एवढंच म्हणायची, ‘दादा, कूलर.’ मॉर्टल कॉम्बॅटच्या रक्तात इतकी जरब नव्हती.

हुबेहूबच्या रोगाची बाधा न झालेली माणसं पाहायची असतील तर माझ्या सध्याच्या बदलीच्या गावाकडे या. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, आणि त्यातलं देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा. झाडीपट्टी रंगभूमीची ही पेठ. धान निघालं, दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या की नाटकंही सुरू. शेतातल्या मांडवात रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडताना पडतो. यातलेच एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आज या नाटकांची चित्रफीत मोबाइलवर सहज मिळते. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, थंडी नाही, डास नाहीत. तरीही खातेदार तिकीट काढून, घोंगडी घेऊन रात्रभर बसतो आणि सकाळी आमच्या काउंटरवर येऊन उभ्यानेच झोपतो. त्याला विचारलं, ‘अहो, मोबाइलवर हुबेहूब दिसते ना?’ तर तो म्हणाला, ‘साहेब, मोबाइलमधला नट शिट्टी मारली तं भेतो का?’ मांडवातला नट हरू शकतो. वाक्य विसरू शकतो, लोक त्याला बसवू शकतात. त्या भीतीसाठी तिकीट आहे. इतकी साधी परीक्षा पदवी नसलेल्या माणसाला जमते.

यावर भाच्याचं उत्तर तयार होतं. ‘मामा, तुम्ही अजून कॅसेटमध्ये अडकलात. आता ऑनलाइन असतं. घरी बसून ब्राझीलच्या पोराशी लढता येतं.’ मान्य. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये तर चक्क पार्लरच बांधलेलं आहे. तुमचा पुतळा आत जातो, मशीनसमोर बसतो, पलीकडे दुसऱ्याचा पुतळा येऊन बसतो. म्हणजे निदान कंपनीला तरी कळलं की हत्तींनी भागत नाही. पण हरायला आलेला ब्राझीलचा पोरगा काय करतो? वायर काढतो. असे लोक इतके झाले की कंपनीला त्यांना शिक्षा करण्याची व्यवस्था ठेवावी लागते. आमच्या पार्लरमध्ये हरताना वायर काढण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. वीज गेलीच, तर ती दोघांचीही जायची. आणि शेजारचा मुलगा पळून जाणार कुठे? सोमवारी शाळेत भेटायचाच होता.

माझा खरा राग मात्र जमाखर्चावर आहे. १९९१ सालच्या पार्लरने एक रुपया घेतला आणि आठही पैलवान समोर उभे केले. हरलास तर जा, पुन्हा रुपया आण. व्यवहार उघडा होता. आजच्या घरगुती आवृत्तीत हरणं फुकट आहे, हजार वेळा हरा, कोणी पैसा मागणार नाही. पैसे पडतात ते पैलवानांचे. ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ विकत घेतला की अठरा पैलवान मिळतात, नंतरचे दर वर्षी चार-चार करून वेगळे विकले जातात. भाच्याने माझ्या कार्डावरून घेतलेला एक पैलवान माझ्या पासबुकात उमटला, तेव्हा ती मारामारी माझ्याच खात्यावर झाली असं मला वाटलं. पूर्वी हरणारा पैसे भरत असे. आता जो खेळत बसला आहे तो भरतो, जिंको वा हरो. कर्जाच्या भाषेत याला काय म्हणतात ते मी सांगत नाही. माझी नोकरी अजून चौदा वर्षं आहे.

तेव्हा नवी आवृत्ती आली की मी भाच्याला तीनच गोष्टी विचारतो. रिमोट किती? दोन. सतरंजी किती? एक. कूलर कोण भरणार? इथे तो म्हणतो, ‘मामा, आता एसी आहे.’ मग मी त्याला त्याच्या आईशी खेळायला बसवतो. गेल्या दिवाळीत बसवला. तिने आधी रिमोट उलटसुलट करून पाहिला, ‘इतकी बटणं कशाला?’ म्हणाली, आणि त्यांतली दोनच वापरायची असं ठरवून टाकलं. पहिल्या लढतीत हरली. दुसरीत हरली. तिसरीनंतर भाचा उठून पाण्याचे माठ भरत होता आणि ‘कंट्रोल्स बदलायला पाहिजेत’ असं काहीतरी पुटपुटत होता.

जाता जाता एक ताजी बातमी सांगतो. ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ आधी घरी आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानच्या पार्लरांसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली. बत्तीस वर्षांनी गंगा उलटी वाहिली. म्हणजे आता पार्लरात शिरणारा जपानी माणूस मशीन पाहून काय म्हणत असेल? ‘अगदी घरच्यासारखं!’ आपल्याकडच्या खाणावळींना हे आधीच सुचलं होतं. उद्या जटपुरा गेटच्या गल्लीत पार्लर पुन्हा उघडलंच, तर बाहेर ‘येथे घरच्यासारखी मारामारी मिळेल’ ही पाटी मी स्वखर्चाने रंगवून देणार आहे.